सनद एकच, मग रांगा दोन का? केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय विधी विद्यापीठातून (एनएलयू) आलेला वकील आणि जिल्ह्याच्या साध्या कॉलेजातून आलेला वकील यांना सरकारी कार्यालयं वेगळं तोलतात, त्याबद्दल हे पत्र आहे. ते मराठीत लिहीत आहे, कारण मी जिथे उभी राहते ते तालुक्याचं कोर्ट मराठीत चालतं. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्षीदार मराठीत. आपल्या कार्यालयात कुणीतरी अनुवाद करून देईल, एवढं गृहीत धरते.

गेल्या आठवड्यात एका सार्वजनिक उपक्रमात, म्हणजे सरकारी कंपनीत, कंत्राटी विधी सल्लागाराच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. उपक्रमाचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकाच कार्यालयाचं नाही. काम भूसंपादनाच्या मोबदल्याच्या खटल्यांचं होतं. गेली सहा वर्षं मी तेच करते आहे. शेतकऱ्यांच्या बाजूनं कितीतरी रेफरन्स, म्हणजे वाढीव मोबदल्याची प्रकरणं, चालवले, जमिनींच्या खरेदीखतांचे उतारे गोळा करत दुय्यम निबंधक कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, मूल्यांकनाच्या साक्षीदारांच्या उलटतपासण्या घेतल्या. निकालांच्या प्रती पिशवीत भरून नेल्या होत्या.

पहिला प्रश्न आला, ‘‘लॉ कुठून केलंत?’’ मी जिल्ह्याच्या कॉलेजचं नाव सांगितलं. समोरच्या साहेबांनी शेजारच्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे एनएलयू नाही.’’ त्यानंतर आणखी दोन प्रश्न झाले, दोन्ही घरच्या परिस्थितीबद्दल. भूसंपादनाबद्दल एकही नाही. पिशवी मी उघडलीच नाही. बाहेर पडले आणि एसटीत खिडकीशी बसून ती मांडीवर धरून आले. जागा एनएलयूतून वर्षभरापूर्वी पास झालेल्या एका मुलाला मिळाल्याचं नंतर कळलं. त्याच्यावर माझा राग नाही. हुशार असेल, मेहनती असेल. पण माझ्या सहा वर्षांचं वजन त्याच्या विद्यापीठाच्या नावाहून कमी, हे कुणी आणि कुठल्या कायद्यानं ठरवलं, एवढं मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

कारण अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये मला असं काही सापडत नाही. तो कायदा सांगतो की मान्यताप्राप्त पदवी घ्या, राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करा, सनद म्हणजे वकिलीचा परवाना घ्या. देशभरातल्या कुठल्याही न्यायालयात उभं राहण्याचा हक्क कलम ३० नं प्रत्येक वकिलाला सारखा दिला आहे. माझ्या सनदेवर आणि त्या मुलाच्या सनदेवर छापलेला मजकूर वेगळा नाही. बार कौन्सिलची परीक्षाही दोघांना एकच. मग सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यालयांनी दुसरी चाळण आणली कुठून?

आणि ही चाळण तोंडी शेऱ्यापुरती नाही. एनटीपीसी, ओएनजीसी, पॉवरग्रिड यांसारख्या उपक्रमांनी विधी अधिकारी घेताना क्लॅट-पीजीचे गुण मागितले. एनएलयूतल्या एलएलएमच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशासाठी असलेली परीक्षा नोकरीचा दरवाजा झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं वकील नेमायला हेच केलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ती अट रद्द ठरवली. एवढी साधी गोष्ट कोर्टात जाऊन सांगावी लागते, महोदय. आपल्या खात्याला ती आधी दिसू नये?

आता ‘तुम्ही का नाही गेलात एनएलयूत’ असं कुणी विचारेल. एनएलयूत प्रवेश बारावीनंतरच्या क्लॅट परीक्षेतून मिळतो, आणि बारावीत असताना मला क्लॅट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पहिल्यांदा ते नाव ऐकलं एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. माझी शाळा मराठी माध्यमाची, वडील एसटीत वाहक. क्लॅट पूर्ण इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न, लांबच लांब उतारे. खुल्या गटाला अर्जाचंच शुल्क चार हजार रुपये, क्लासचे वेगळे, आणि निवड झालीच तर वर्षाची फी लाखांत. राज्यातल्या बाकी लॉ कॉलेजांची सीईटी मराठीत देता येते. ज्या परीक्षेनंतर पदवीला किंमत येते, तिलाच मराठी चालत नाही.

बंगळुरूच्या पहिल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा कायदा १९८६ चा, पहिली तुकडी १९८८ ची. कायद्याचे प्राध्यापक माधव मेनन यांनी ते उभं केलं ते वकिलीचं शिक्षण सुधारावं म्हणून, आणि शिक्षण सुधारलं हे मी मान्य करते. आज अशी पंचवीसहून अधिक विद्यापीठं आहेत. पण तिथून निघालेली कितीतरी मुलं थेट मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये जातात, वर्षाला पंधरा-अठरा लाखांवर. जावं त्यांनी. कर्ज काढून शिकलेल्या मुलानं दुसरं काय करावं? मला एवढंच दिसतं की त्यातलं कुणी आमच्या तालुक्याच्या बार रूममध्ये बसायला येत नाही. इथली खुर्ची तर आम्हालाच धरून ठेवावी लागते.

ती कशी धरली ते सांगते. पहिलं वर्ष सिनिअरांनी काहीच दिलं नाही, दुसऱ्या वर्षी महिना दीड हजार. एसटीचा पास, झेरॉक्स, टायपिंग, काळा कोट, सगळं वडिलांच्या पेन्शनीतून. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी वकील आहे, कमावत नाही’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. माझ्याबरोबरच्या तिघींनी सनद ट्रंकेत ठेवली. एक आता बालवाडीत शिकवते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलनं परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या ओळखीच्या एकाही ज्युनिअरच्या हातात ते पंधरा हजार पडलेले नाहीत. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. निर्णय योग्य आहे, कोर्ट न पाहिलेला न्यायाधीश कुणालाच नको. पण ती तीन वर्षं जेवायचं काय? ज्याच्या घरात भाड्याचं उत्पन्न आहे, तोच तोवर तग धरणार. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये नव्या वकिलांना महिना पाच हजार सुरू केले होते. एका राज्याला सुचलं ते केंद्राला का सुचू नये?

जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले तुंबले आहेत. तुरुंगातल्या दर चार माणसांत तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा जामीन अर्ज कोण लिहितं? दीड हजारांहून अधिक साध्या लॉ कॉलेजांतून निघालेली माणसं लिहितात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९अ मधली मोफत कायदेशीर मदत आमच्या खांद्यावर उभी आहे, आणि मुलाखतीच्या खोलीत आम्ही ‘एनएलयू नाही’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. बाबासाहेब १९३५ मध्ये ज्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेही एनएलयू नव्हे. तिथून आलेल्या उमेदवारालाही आपली कार्यालयं हेच म्हणणार का?

माझं मागणं फार नाही. केंद्राच्या आणि त्याच्या उपक्रमांच्या विधी पदांसाठी उमेदवाराचं कॉलेज निवड होईपर्यंत झाकलेलं राहावं आणि चालवलेली प्रकरणं तपासली जावीत. क्लॅट भारतीय भाषांत व्हावी. ज्युनिअरच्या मानधनाला परिपत्रकाचा नव्हे, कायद्याचा आधार मिळावा, आणि त्यात केंद्राचा वाटा असावा.

उद्या सकाळी अकराला बोर्डावर माझी तीन प्रकरणं आहेत. त्यातलं एक धरणात जमीन गेलेल्या विधवेचं, तिचा मोबदला अकरा वर्षं अडकला आहे. त्याचीच कागदपत्रं लावायची आहेत, म्हणून थांबते. उत्तर लेखी द्यावं.

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील