मालकाने उभे राहायचे कुठे?

संपादक महोदय,

'लघुउद्योजकाने महत्त्वाच्या कामावरच वेळ घालवावा, बाकीचे सोपवावे,' असा सल्ला हल्ली प्रत्येक उद्योजक मेळाव्यात मिळतो. चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये सोपवायचे कुणावर, तेवढे कुणी सांगत नाही.

शिरोली एमआयडीसीत मी कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशिनिंग करून देतो. मालकाने जातीने करायची कामे दोनच: नव्या जॉबचा पहिला पीस तपासणे आणि कोटेशन काढणे. बोअर (भागातले भोक) वीस मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने, मोठा गेला की अख्खा लॉट परत येतो. कोटेशनमध्ये सायकल टाइम (एका नगाला लागणारा मशिनचा वेळ) अर्धा मिनिट कमी धरला, तर हजार नगांमागे आठ तासांहून जास्त वेळ मशिन फुकट चालते. जीएसटीचे अकाउंटंट बघतो, त्याबद्दल तक्रार नाही.

वेळ खाते ती वसुली. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात आमचे बिल चुकते करायला ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. प्रत्यक्षात फोन केला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. हा फोन मलाच करावा लागतो, कामगाराचा कोण घेणार? थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते, पण मग पुढची ऑर्डर विसरायची.

२५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 'ट्रेड्स' या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची झाली; खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले, की त्यावर आम्हाला बँकेकडून आधीच पैसे मिळू शकतात. नुसती नोंदणी करून बिले मान्यच केली नाहीत, तर आम्हाला काय उपयोग? माल स्वीकारल्यावर ठरावीक दिवसांत तिथे बिल मान्य करणेही बंधनकारक करावे.

– एक लघुउद्योजक, कोल्हापूर