टॉर्टियाऐवजी हिकामाचे काप ठीक, पण गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत लो-कार्ब (कमी कर्बोदकांच्या) टाकोची रेसिपी आलीये, टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या मेक्सिकन पोळीच्या जागी हिकामा या कंदाचे काप वापरायची, ती बहिणीने फोटो काढून पाठवली, खाली प्रश्न की हे तुमच्याकडे खरंच मिळतं का. मिळतं ना, मी राहते त्या टेक्सासात कुठल्याही मेक्सिकन दुकानात ढीग लागलेला असतो आणि हल्ली तर गोल पातळ चकत्या केलेली पाकिटंपण मिळतात, सोलायची कटकटच नाही. रेसिपीबद्दल तक्रार नाहीये. पण शेवटी "डायबेटिस असणाऱ्यांनी निर्धास्त खावं" असं एका ओळीत उरकलंय, ते वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

हिकामा मूळचा मेक्सिकोकडचा कंद, बाहेरून तपकिरी, आतून पांढराशुभ्र, रसाळ, किंचित गोड. तो आपल्याला काही नवीन नाही, बंगालमध्ये शांखालू म्हणतात आणि सरस्वतीपूजेच्या प्रसादात असतो, बिहार-यूपीकडे मिश्रीकंद, तेव्हा शोधणाऱ्यांनी भाजीवाल्याला हिकामा न सांगता मिश्रीकंद सांगून बघावं. (कुणी हौसेने लावलाच तर कंदच खा, पिकलेल्या बिया विषारी असतात.) मेक्सिकन लोक तो कच्चाच खातात, लिंबू, मीठ, तिखट मारून. आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळच्या मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या आजींना मी सांगितलं की लोक याचा टॉर्टिया करतात तर त्या खो खो हसल्या, अर्थात मेक्सिकन रेस्टॉरंटवालेही आता हिकामाच्या चकतीत कोळंबी घालून देतात, म्हणजे नुसतं डाएटवाल्यांचंच खूळ आहे असंही नाही.

तुमच्या रेसिपीत राहिलेली गोष्ट म्हणजे साल काढली की खाली अजून एक चिवट थर असतो तोही काढायचा, मग स्लायसरवर एक-दोन मिलिमीटरची चकती, आणि ती तशीच दुमडली तर तुटते, म्हणून थोडा वेळ मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायची, मग नीट पुसायची, नाहीतर सारण ओलं होऊन सगळं कोपरापर्यंत ओघळतं. मिश्रीकंद नसेल तर नवलकोल मस्त चालतो, चकती लहान पडते एवढंच. कोबीचं पान उकळत्या पाण्यातून काढून घेतलं की सगळ्यात भरवशाचं. एन्चिलाडाला (सारण भरून गुंडाळलेला, वर सॉस घातलेला टॉर्टिया) झुकिनीच्या उभ्या पट्ट्या घेतात, पण आधी मीठ लावून पाणी काढा, नाहीतर त्याचं सूप होतं.

आता मुद्द्याचं. मक्याच्या सहा इंची एका टॉर्टियात साधारण ११-१२ ग्रॅम कार्ब, तीन खाल्ले की झाले पस्तीसच्या आसपास. शंभर ग्रॅम हिकामात जेमतेम ९ ग्रॅम आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त फायबर. म्हणजे एका जेवणातून पंचवीसेक ग्रॅम कार्ब गायब, आणि डायबेटिसचं औषध मात्र नेहमीचंच! जो माणूस इन्सुलिन घेतोय किंवा ग्लिमेपिराइडची गोळी (आपल्याकडे घरटी एक सापडेल) त्याची शुगर अशाने धाडकन खाली येऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही, पण आपल्या गोळीत काय काय आहे हे किती जणांना माहीत असतं? बऱ्याच वेळा एकाच गोळीत दोन औषधं असतात.

दुसरी गोष्ट तर कुणी बोलतच नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून ती गोळी स्वस्त झाली आणि आता आमच्या नातेवाईकांपैकी कितीतरी जण घेतात. या घेत असताना कडक किटो (कार्ब जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारं डाएट) केलं तर रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढून किटोअॅसिडोसिस (रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, आणि यातली मेख अशी की ग्लुकोमीटरवर शुगर बऱ्याचदा फारशी वाढलेली दिसत नाही, मग मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप हे सगळं आपण अॅसिडिटी म्हणून घरीच सोसत बसतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच या गोळ्यांबाबत किटोअॅसिडोसिसचा इशारा दिलाय. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, हृदयासाठी आणि किडनीसाठीही त्या देतात, फक्त डाएट सुरू करायच्या आधी डॉक्टरला फोन करा, डोस बदलायचा का ते तो ठरवेल.

आणि ज्यांना डायबेटिस नाही, किटो नाही, नुसतं हलकं खायचंय त्यांनी मक्याच्या टॉर्टियाला एवढं घाबरू नये. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात, त्याने कॅल्शियम वाढतं आणि मक्यातलं अडकून बसलेलं नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) अंगी लागतं, हिकामाच्या चकतीत यातलं फारसं काही नाही. दोन टॉर्टिया, भरपूर राजमा, वर कच्चा हिकामा किसून. आजी तसंच खातात.

पुढच्या वेळी अशी रेसिपी छापाल तेव्हा खाली औषधांबद्दल एक चौकट द्या एवढीच विनंती, आणि जमलं तर एखाद्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडून ग्लिमेपिराइड नि या नव्या गोळ्यांवर सोप्या मराठीत लिहून घ्या, माझी बहीण पहिली वाचेल, तिच्या सासऱ्यांना दोन्ही चालू आहेत.

आपली,
एक वाचक, सॅन अँटोनियो, टेक्सास