यादीतले गाव

पुणे,
दि. 25 एप्रिल 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. त्यातील प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून आज सवड काढून बसलो आहे. "तू ढिगारे उपसले नाहीस, जखमींची मलमपट्टी केली नाहीस, मग नेपाळात तू नेमके काय केलेस?" असे तू सरळ विचारलेस. तो अधिकार तुझा आहे, कारण 1993 साली भूकंपानंतर किल्लारीला निघालेल्या आपल्या कॉलेजच्या ट्रकमध्ये कपड्यांच्या गाठोड्यांवर आपण शेजारी शेजारी बसलो होतो. तिथे पोहोचल्यावर रस्त्याकडेला आधीच आलेल्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले आपण पाहिले आणि त्या ढिगांत आपल्या ढिगाची भर घातली. लोकांना ताडपत्री, कंदील आणि पत्रे हवे होते. परत येताना तू म्हणालास, "निघण्याआधी कुणी तरी विचारायला हवे होते." माझे पुढचे सारे काम तुझ्या या एका वाक्यात मावते.

दहा वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, शनिवारी सकाळी 11 वाजून 56 मिनिटांनी, गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, शाळा बंद होत्या, म्हणून हजारो मुले वाचली. तरीही सुमारे नऊ हजार माणसे गेली आणि पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली. भारताचे पहिले विमान त्याच दिवशी काठमांडूला उतरले. मी ज्या मदतसंस्थेच्या मालवाहतूक विभागात होतो, तिने मला चौथ्या दिवशी तिथे पाठवले.

त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच आणि विमाने उभी करण्याच्या जागा मोजक्याच. जगभरातून मदत निघाली आणि या एका चिंचोळ्या दारात येऊन तुंबली. कित्येक विमाने घिरट्या घालून भारताकडे परत वळली. त्यात भर म्हणजे सततच्या वर्दळीने धावपट्टीला तडे जाऊ लागले, तेव्हा 3 मे रोजी 196 टनांपेक्षा जड विमानांना उतरण्यास बंदी करावी लागली. एक गोष्ट मात्र दूरदृष्टीने झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने विमानतळाच्या आवारात मदतीच्या मालाच्या चढउतारासाठी एक तळ उभारून ठेवला होता आणि तो भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी सुरू झाला होता. तो नसता तर पहिल्या आठवड्यात काय झाले असते, याची कल्पना मला आजही करवत नाही.

त्या तळावर मी पहिले दहा दिवस काढले. वर काहीच लिहिलेले नाही अशी पेटी आली की ती उघडावी लागते, आतले मोजावे लागते, कुणासाठी आहे ते शोधावे लागते, आणि तोवर तिच्यामागे ताडपत्र्यांचा अख्खा ट्रक खोळंबतो. एका पेटीत औषधे होती, पण त्यांवरची भाषा तळावर कुणालाच वाचता येईना. एका डॉक्टरबाईंनी तासभर एकेक पाकीट हातात घेऊन पाहिले आणि शेवटी ती पेटी बाजूला ठेवायला सांगितली. पाठवणाऱ्याचे मन मोठे असेल, याविषयी मला शंका नाही. पण त्या एका तासात त्या बाईंचे दुसरे काम राहिले.

जकातीचाही प्रश्न होता. सरकारने तंबू आणि ताडपत्री करमुक्त केली, पण बाकीच्या मालाची नेहमीप्रमाणे तपासणी चालू राहिली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना ती सैल करण्याची जाहीर विनंती करावी लागली. तेव्हा मीही चिडलो होतो. आज मात्र वाटते की, ज्या देशाच्या दारात एका आठवड्यात साऱ्या जगाचा माल येऊन पडला, त्याने "हे काय आहे?" असे विचारले तर ते गैर नव्हते, फक्त ते विचारायला माणसे आणि टेबले दसपटीने जास्त हवी होती.

समन्वयाची चौकट तुला थोडक्यात सांगतो. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी मदतसंस्थांची एकमेकींच्या पायांत पाय अशी गत झाली. त्यानंतर, 2005 पासून, कामाची गटांत विभागणी करण्याची पद्धत आली: निवारा, आरोग्य, पाणी, अन्न, मालवाहतूक असे गट, आणि प्रत्येकाला एक जबाबदार संस्था. नेपाळात सरकारी खाते पुढे आणि त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय संस्था, म्हणजे आरोग्याला आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना, अशी रचना होती. रोज संध्याकाळी बैठका होत. बैठकीत "आम्ही इतके दिले" हे सांगायला सगळे उत्सुक असत, "कुठे कुणीच पोहोचलेले नाही?" हा प्रश्न आला की तंबूत शांतता पसरे.

मे महिन्यात मी सिंधुपाल्चोकच्या चौतारा या ठिकाणी गेलो. सर्वाधिक मृत्यू याच जिल्ह्यात झाले, साडेतीन हजारांच्या आसपास. डोंगराच्या धारेवर वसलेल्या त्या गावातले रुग्णालय निकामी झाले होते आणि नॉर्वेच्या रेडक्रॉसने तंबूंत दवाखाना चालवला होता. जी गोष्ट तुला आजवर सांगितली नाही, ती तिथेच घडली.

आमच्याकडे रोमन लिपीत टंकलेली गावांची यादी होती. तीत एका वस्तीचे नाव दोन संस्थांनी दोन तऱ्हांनी लिहिले होते आणि मी ती दोन गावे समजून दोन वेळा ताडपत्र्या रवाना केल्या. त्याच डोंगरावर, चार तासांच्या चढणीवर, जवळजवळ तशाच नावाची तिसरी वस्ती होती. तिची नोंद "मदत पोहोचली" अशी झाली होती, कारण खालच्या वस्तीचा आकडा चुकून तिच्या नावापुढे पडला होता. सातव्या दिवशी तिथली एक म्हातारी आपल्या नातवाला घेऊन खाली आली. रागावली नाही. आमच्या ट्रकच्या मागच्या फळकुटावर हात ठेवून उभी राहिली आणि "त्रिपाल?", म्हणजे ताडपत्री, एवढेच म्हणाली. आठवडाभर तिच्या वस्तीने मक्याच्या ताटांच्या आडोशाला पाऊस काढला होता, आणि माझ्या कागदावर तिचे घर झाकलेले होते.

त्या रात्री गाव विकास समितीच्या सचिवांना घेऊन मी बसलो. नेपाळीची आणि आपली लिपी एकच, हा माझ्याजवळचा एकमेव गुण तिथे उपयोगी पडला. त्यांनी गावांची नावे उच्चारायची, मी देवनागरीत लिहायची, आणि समोर संयुक्त राष्ट्रांनी त्या ठिकाणाला दिलेला सांकेतिक क्रमांक टाकायचा. पहाटेपर्यंत आम्ही एकेक वाडी, एकेक टोल (तिकडे वस्तीला टोल म्हणतात) तपासला. ती वही पुढे इतर संस्थांनी उतरवून घेतली. मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो तो एवढ्याच एका वहीसाठी.

12 मे रोजी 7.3 तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला आणि नुकत्याच उघडलेल्या वाटा पुन्हा दरडींखाली गेल्या. पावसाळा महिन्यावर आलेला. हेलिकॉप्टर थोडी, आणि ती ढगांपुढे हतबल. अशा वेळी जागतिक अन्न कार्यक्रमाने गिर्यारोहण आणि ट्रेकिंग संघटनांच्या मदतीने भरिये, म्हणजे पाठीवर ओझी वाहणारे हमाल, आणि खेचरे कामाला लावली. ज्यांचा हंगाम भूकंपाने बुडाला होता, त्यांनाच मजुरी मिळाली आणि वरच्या गावांना तांदूळ. मी पाहिलेल्या सर्व योजनांत ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कपाळावर नाम्लोचा पट्टा लावून, पाठीवर पत्र्यांची जुडी घेतलेला माणूस अरुंद वाटेवर आडवा होऊन सरकतो, कारण पत्रा वाटेपेक्षा रुंद असतो, हे पाहिल्यावर पत्र्यांची संख्या लिहिताना हात जपून चालतो.

तू लिहितोस की या पावसाळ्याआधी तुमच्या तालुक्यातली मंडळी पूरमदतीची समिती करणार आहेत आणि कपडे गोळा करण्यापासून सुरुवात करायची म्हणतात. त्यांना तेवढे थांबव. आधी नदीकाठच्या वाड्या-वस्त्यांची यादी कर. प्रत्येकीची लोक जी नावे घेतात ती सगळी लिही, पाणी चढल्यावर तिथे कोणत्या वाटेने जाता येते ते लिही, आणि तिथल्या एका तरी माणसाचा दूरध्वनी क्रमांक घे. यादी झाली की कळव. मी येतो, आणि आपण दोघे मिळून ती त्या त्या गावात जाऊन वाचून दाखवू, म्हणजे राहिलेली वाडी कोणती ते तिथलेच कुणी सांगेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वि.