शून्य सावलीची तारीख ऑगस्टचीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्यात आपल्या अंकात शून्य सावली दिवसाची बातमी येते. कोणत्या गावी कोणत्या तारखेला सूर्य बरोबर डोक्यावर येणार, याचा तक्ता असतो. तो मी कापून ठेवते. पण मे महिन्यात आमच्या शाळेला कुलूप असतं. हाच सूर्य उत्तरेकडून परत फिरतो तेव्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, धडगावपासून सावंतवाडीपर्यंत, पुन्हा एकदा प्रत्येक गावावरून जातो. तेव्हा शाळा भरलेली असते. ही दुसरी तारीख मात्र छापलेली माझ्या पाहण्यात नाही. पावसाळा असतो, ढग असतात, हे खरं. पण आमच्यासारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात तेव्हा उघडीपही असते.

मी मंगळवेढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ३१. नोकरीला २४ वर्षं झाली. दोन वर्षांमागे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साडेबाराला खिचडीसाठी ताटं मांडली होती आणि पाचच मिनिटं ढग बाजूला झाले. पोरं ताटं सोडून मैदानात पळाली. दुसरीतला एक मुलगा स्वतःभोवती गोल फिरून खाली बघत होता. मग ओरडला, "बाई, माझी सावली चपलेखाली गेली!" चौथीच्या मुलांना 'रोज बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' असं पक्कं वाटत होतं. कित्येक मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. दिल्लीत तो कधीच डोक्यावर येत नाही, हे ऐकल्यावर त्या दिवशी मुलांनी मला जे प्रश्न विचारले ते संपायला आठवडा लागला.

लहान मुलांना प्रकाश शिकवायचा तर साहित्य लागत नाही, वेळ लागतो. आमच्या जुन्या वर्गाच्या पत्र्याला खिळ्याची भोकं होती. त्यातून कवडसे पडायचे. भोक वेडंवाकडं, कवडसा मात्र गोल, रुपयाएवढा. एकदा तिसरीच्या मुलांना खडू दिला आणि एका कवडशाभोवती रेघ मारायला सांगितली. रेघ मारून झाली की नुसतं बघायचं, बोलायचं नाही. आधी चुळबुळ झाली. मग एका मुलीनं मान वाकवली आणि तिच्या लक्षात आलं की कवडशाची एक कड रेघेवर चढली आहे. दोन मिनिटांत तो पूर्ण वर्तुळाबाहेर गेला. "बाई, पळाला!" सगळे जमिनीवर पालथे. पुन्हा रेघ, पुन्हा पळाला. सूर्य आकाशात आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला दोनच मिनिटं घेतो. ते मुलांनी खडूनं मोजलं होतं, मी सांगितलं नव्हतं.

पुढे २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण आलं. बहुतेकांनी मुलांना घरात ठेवलं. मी आठलाच शाळा उघडली, सातच मुलं आली. आकाशाकडे कुणीही बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं, एवढं बजावलं. साडेनऊच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. बाहेर लिंबाखाली तर जमिनीवर शेकडो कोरी. आपली खडूवाली मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे रोज आपण सूर्याचाच फोटो बघत होतो." तिला 'प्रतिमा' हा शब्द माहीत नव्हता. तो दोन वर्षांनी येईल तेव्हा त्याला बसायला जागा असेल.

कवडशाच्या अशाच एका तासाला भेटीवर आलेल्या साहेबांनी 'अध्यापनाऐवजी विद्यार्थी खेळताना आढळले' असा शेरा लिहिला होता. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्या मुलांना मी दामटून 'प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो' हे वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं असतं तर शेरा चांगला आला असता. आता वर्गाला नवे पत्रे बसले आहेत, तेही गरजेचंच होतं. मी पुठ्ठ्याला भोक पाडून खिडकीत धरते.

आवाजाचंही तसंच. आमच्या गावात जत्रेला हलगी वाजते. चौथीतल्या एकाच्या घरी दोन हलग्या आहेत. त्यानं त्या आणल्या आणि आधी काटक्या पेटवून शेकल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ढिली असली की बसकी वाजती." नऊ वर्षांचा मुलगा कातडं ताणलं की आवाज चढतो हे जाणून होता. फक्त ते शाळेत सांगण्यासारखं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक हलगी मुलीनं दोन्ही हातांवर आडवी धरली, तिच्यावर चिमूटभर राजगिरा टाकला. दुसरी त्यानं हातभर अंतरावर वाजवली. पहिलीवरचा राजगिरा उडाला! कुणी हात लावला नव्हता. वर्ग चिडीचूप. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "मधल्या हवेनं ढकललं." २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आपण रामन यांच्या फोटोला हार घालतो, १९२८ सालच्या प्रकाशाविषयीच्या शोधासाठी. पण त्याआधी, १९२० मध्ये, त्यांनी तबला-मृदंगाच्या पुडीवर शाई, म्हणजे तो काळा गोल लेप, असल्यानं त्यांचे स्वर कसे जुळतात यावर निबंध प्रसिद्ध केला होता. म्हणून त्या दिवशी मी फोटोशेजारी हलगी ठेवते.

ऊर्जा सगळ्यांत अवघड. 'कार्य करण्याची क्षमता' हे तिसरीच्या मुलाला सांगून काही होत नाही. आम्ही हापशावर जातो. कळशी भरेपर्यंत दम लागतो. जोर कुठून आला? भाकरीतून. भाकरीत कुठून? ज्वारीतून. ज्वारीत? इथं मुलं 'माती', 'पाणी', 'खत' म्हणून थांबली, आणि मीही थांबले. तीन दिवसांनी एक मुलगी परिपाठाच्या आधीच आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या लिंबाखालची ज्वारी खुजी ऱ्हाती. पाणी तर सगळ्याला सारखंच देतो." त्या एका वाक्यासाठी तीन दिवस गप्प राहिल्याचं सार्थक झालं.

विज्ञान प्रदर्शनात मात्र दुकानातून विकत आणलेलं, बटण दाबलं की दिवा लागणारं मॉडेल पुढे जातं आणि काडेपेट्यांचा दोऱ्याचा फोन 'हे तर खेळणं' म्हणून मागे ठेवला जातो. परीक्षक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, मुलाला एकच विचारा: हे करताना तुला काय दिसलं? पुण्याचे अरविंद गुप्ता आयुष्यभर टाकाऊ वस्तूंची खेळणीच करत आले, आणि त्यातूनच कितीतरी शिक्षक शिकले, मीही.

तर, संपादक महोदय, जुलै-ऑगस्टचा तक्ता तालुक्यानुसार आणि वेळेसह जुलै लागताच छापावा. जुलैत नंदुरबार-नागपूरकडच्या शाळांना तो आधी लागेल, आम्हाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. शनिवारी शाळा सकाळची असते आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे एक-दोन दिवस आधी-नंतरचंही द्यावं. तेव्हाही सावली जवळजवळ नसतेच.

शाळा उघडल्यापासून दर सोमवारी साडेबाराला आम्ही ध्वजस्तंभाच्या सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करतो. या दिवसांत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते, हे बघून पालकही चक्रावले. पहिल्या सोमवारी ती हातभर होती. आता खुणा खांबाकडे सरकायला लागल्या आहेत, आणि पहिलीची मुलं रोज विचारतात, "बाई, कधी संपणार?"

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर