क्रिएटिनिन नॉर्मल, पण कुणाच्या हिशोबानं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॅन्सरवर बरंच येतं, तंबाखू सोडा, तोंड तपासून घ्या वगैरे, ते यायलाच पाहिजे. पण किमो चालू झाल्यावर किडनीवर लक्ष कसं ठेवायचं हे माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) आणि सोबत दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची किमो. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेलं हे औषध जुनं आहे, इतर औषधांच्या मानानं स्वस्त आहे आणि आजही हजारो लोकांना त्याचा उपयोग होतो, त्यामुळे औषधावर माझा राग नाही आणि हे वाचून कुणी किमो बंद करू नका, हात जोडून सांगतो. पण ते किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा करतं, साधारण तीनातल्या एका पेशंटला हा त्रास होतो. म्हणून तर सलाईन लावतात, मॅग्नेशियम देतात.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, किडनीचं काम मंदावलं की रक्तात त्याचा आकडा वाढतो. वडिलांचं क्रिएटिनिन किमोआधी ०.६ होतं. पहिल्या किमोनंतर सहाव्या दिवशी ०.९ आलं. लॅबची रेंज ०.६ ते १.२, त्यामुळे रिपोर्टवर ना स्टार ना ठळक अक्षर, मी स्वतः सगळ्यांना फोन करून सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. नंतर कळलं की आठवड्याभरात क्रिएटिनिन आपल्याच आधीच्या आकड्याच्या दीडपट झालं तर डॉक्टरांच्या नियमात ती किडनीची इजाच धरतात, मग रेंज काहीही असो. दोन्ही कागद एकाच फायलीत होते, फक्त शेजारी ठेवून कुणी बघितले नाहीत, मीही नाही.

त्यात अजून एक गोष्ट, क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. शेकामुळे तोंड आलेलं, गिळता येत नव्हतं, वजन ५८ वरून ५१ वर आलं, म्हणजे स्नायूच झडले, मग आकडा कमीच दिसणार ना! एरवीसुद्धा किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा रेंजच्या बाहेर जाईलच असं नसतं. सिस्टॅटिन सी नावाची एक रक्ततपासणी आहे, ती स्नायूंवर एवढी अवलंबून नसते, शंका असेल तेव्हा डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. लघवीतून आणखी लवकर कळेल अशा एनगाल, किम-१ या तपासण्यांवर संशोधन चालू आहे, पण त्या अजून सगळीकडे रुटीनमध्ये नाहीत.

घरात खुणा दिसत होत्या. रात्री पोटरीत गोळे यायचे, बोटांना मुंग्या यायच्या, आम्ही अशक्तपणा समजून पाय चोळत बसायचो, प्रत्यक्षात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी झालेलं. दिवसभरात जेमतेम दोन ग्लास पाणी पोटात जायचं, लघवी गडद व्हायची. आणि तोंड दुखतंय म्हणून मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून दिली, दिवसाला दोन, पाच दिवस. किमोच्या पेशंटच्या किडनीला ही गोळी घातक ठरू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. दुसऱ्या किमोनंतर क्रिएटिनिन २.३. बारा दिवस ॲडमिट, सिस्प्लॅटिन बंद, शेक तेवढा कसाबसा पूर्ण झाला. आज आकडा १.२ आहे, ०.६ वर काही परत आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की किमो देणाऱ्या प्रत्येक डे-केअरनं पेशंटच्या फायलीला एक कार्ड लावावं, त्यावर तारीख, वजन, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, पोटॅशियम एकाखाली एक, आणि सगळ्यात वर किमोआधीचा आकडा लाल पेनानं. कुठल्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत ते मागच्या बाजूला मराठीत छापावं. लॅबवाल्यांनीही रिपोर्टवर मागचा आकडा शेजारी द्यावा, कॉम्प्युटरमध्ये तो असतोच. आणि लांबच्या गावातल्या पेशंटला दोन किमोंच्या मधली रक्ततपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट करून मिळावी, नाहीतर एका क्रिएटिनिनसाठी शंभर किलोमीटर कोण येणार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत किडनीच्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर लेख लिहून घ्या ही विनंती, आणि सोबत कात्रण काढून फायलीला लावता येईल असा कोरा तक्ता छापा.

आपला,
एक वाचक, जि. सांगली