कार्लोव्ही व्हारीचे पाणी चाखण्यासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलींचा हंगाम जवळ आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारी या गरम, क्षारयुक्त झऱ्यांच्या गावाचे वर्णन हमखास येते. त्यात एक सल्ला असतोच: 'तिथल्या सगळ्या झऱ्यांचे पाणी चाखून बघा.' कृपया हे छापू नका. हा सल्ला पाळणाऱ्याचे पोट बिघडते, आणि बहुतेकदा प्रागला परतताना, दोन तासांहून अधिक चालणाऱ्या बसमध्ये बिघडते.

तेप्ला नदीच्या अरुंद खोऱ्यात, दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर असलेले हे गाव आहे. तिथला मुख्य झरा व्रझीद्लो मिनिटाला सुमारे २,००० लिटर पाणी १२ मीटरपर्यंत उंच फेकतो. पाण्याचे तापमान सुमारे ७३ अंश आणि लिटरमागे ६ ग्रॅमहून जास्त क्षार. त्यात सोडियम सल्फेट भरपूर असते, म्हणजे चक्क रेचक. बाकीच्या झऱ्यांचे मूळ तेच. वर येण्याच्या वाटा वेगळ्या, म्हणून तापमान आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वेगळा. इथेच फसगत होते. 'गरम ते जालीम, कोमट ते सौम्य' असे समजून लोक ३० अंशांच्या आसपासचे 'सर्प' झऱ्याचे फसफसते पाणी घटाघटा पितात. प्रत्यक्षात पोट मोकळे करणारे म्हणून ओळखले जातात ते तुलनेने गार झरेच.

पिण्याची रीत साधी आहे. सकाळी, न्याहारीच्या आधी, एकाच झऱ्याचे एक छोटा कप पाणी घ्यावे आणि चालत चालत, घोट घोट संपवावे. कप नळाच्या तोंडाला टेकवू नये. तिथे मिळणाऱ्या चिनी मातीच्या चपट्या कपाचा कान पोकळ असतो आणि त्याच्या टोकातून पाणी ओढून प्यायचे असते. त्यामुळे घोट लहान राहतो, जीभ भाजत नाही आणि क्षारांचे पाणी दातांना कमी लागते. म्हणून तो केवळ शोभेची वस्तू समजून कपाटात ठेवण्यासाठी घेऊ नका, पोचल्या पोचल्या घ्या.

बाटली भरून आणण्यात काहीच अर्थ नाही. पाण्यातला चुना विरघळलेला राहतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. वायू उडाला की चुना खाली बसतो आणि लोहामुळे साका तांबूस होतो. नळांखालच्या दगडी कुंड्यांवर हाच तपकिरी, खरखरीत थर बोटाला लागतो. दुकानांत मिळणारी दगडी गुलाबफुले म्हणजे याच पाण्याखाली ठेवलेली कागदाची फुले, ज्यांच्यावर दगडाचे पूट चढले आहे. जे कागदाचे होते तेच नळाच्या पाइपाचे होते. चुना बसून तो अरुंद होत जातो. संध्याकाळी हॉटेलवर उघडलेल्या बाटलीत सकाळचे पाणी उरलेले नसते.

लिटरमागे दीड ग्रॅमहून जास्त सोडियम असल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पाणी पिऊ नये. पारंपरिक उपचार तीन आठवड्यांचा असतो आणि झरा, मात्रा, वेळ तिथला डॉक्टर ठरवतो. अठराव्या शतकात डॉ. डाव्हिड बेखर यांनी पाणी झऱ्यापाशीच, फिरत फिरत प्यायचा आग्रह धरला. झऱ्यांवरच्या लांबलचक स्तंभमंडपांचा उपयोग त्यातूनच कळतो: पाऊस असला तरी चालणे थांबू नये. १८८१ मध्ये पूर्ण झालेला १२४ खांबांचा म्लिन्स्का मंडप त्या दृष्टीने पाहावा. २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या युरोपातल्या ११ स्नाननगरांत (झऱ्यांच्या पाण्याने उपचार करणाऱ्या गावांत) हे गाव आहे, ते या सगळ्या व्यवस्थेसाठी.

प्रागहून ट्रेन वळसा घालून जाते, बस लवकर पोचते. चलन कोरुना आहे, युरो नव्हे. नदीकाठची वाट सपाट असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनाही जमते, आणि डायना टेकडीवर दोरीने ओढली जाणारी रेल्वे नेते. मात्र एका दिवसात जाऊन-येऊन सकाळचे पाणी मिळत नाही. किमान दोन रात्री हव्यात.

पुरवणीत झऱ्यांची यादी द्यायचीच असेल, तर प्रत्येक नावापुढे तापमान आणि वर एका ओळीत 'दिवसाला एकच झरा' एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक