बाबांचं डोकं आणि आईच्या डब्यातली गोळी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबांनी ‘नवतपा सुरू आहे, दुखणारच डोकं’ म्हणून विषय संपवला. लिहिलेलं तरी मधेच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या घरात डोकं दुखलं की निदान एकच: ऊन लागलं. मग पन्हं, बाम आणि आईच्या डब्यातली गोळी. नागपूरच्या मे महिन्यात ते पुष्कळदा खरंही असतं. पण उन्हाचं दुखणं पाणी पिऊन, कूलरपुढे पडून काही तासांत उतरतं. बाबा, तुमचं आठ दिवस झाले उतरलेलं नाही.

आई, तुझी अर्धशिशी मी शाळेत असल्यापासून पाहतेय. डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं, मग डाव्या कानशिलात ठणके, कुकरची शिट्टीसुद्धा नको होते, उलटी होते, आणि तू डोक्याला फडकं आवळून आतल्या खोलीत अंधार करून पडतेस. कधी चार-पाच तास, कधी तीन दिवस. उपास घडला किंवा जागरण झालं की हमखास. शेजारच्या काकू त्याला सायनस म्हणतात. पण ताप नाही, नाकातून घट्ट पिवळं काही नाही, तर सायनस कसला? तीस वर्षं तिची चाल बदललेली नाही, म्हणून तिची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती गोळ्यांची. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी पोटात जायला लागली, की काही महिन्यांत गोळीच डोकं दुखवायला लागते. कॅलेंडरवर खूण करत जा.

माझं म्हणाल तर संध्याकाळी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं, दोन्ही बाजूंनी. ऑफिसचा ताण. चक्कर मारून आले की जातं.

आता बाबा. साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं घरच्या घरी ‘नेहमीचं’ ठरवायचं नसतं. त्यात महिन्यापूर्वी कूलरची टाकी भरताना खिडकीच्या लोखंडी छज्जावर तुमचं डोकं आपटलं होतं. टेंगूळ आलं, तुम्ही हसलात, आम्हीही हसलो. पण स्टेंट टाकल्यापासून तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि साध्या माराने त्यातली एखादी झिरपू लागते. रक्त इतकं हळू साचतं, की त्रास दोन-तीन आठवड्यांनी जाणवतो. तोवर मार लागल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. आई परवा म्हणाली, ‘हे आजकाल पेपर वाचता वाचताच झोपतात, चालताना भिंतीला हात लावतात.’ ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

असेलच असं नाही. सीटी स्कॅनमध्ये काही मिनिटांत कळेल. आणि असलं तरी वेळेत सापडलं तर उपाय आहे.

दादा उद्या सकाळी आठला गाडी घेऊन येतोय, धंतोलीत डॉक्टरांची वेळ घेतली आहे. स्टेंटची फाइल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, स्टेंट आहे. आणि आईच्या डब्यातली दुखण्याची गोळी अजिबात नको. रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर तसल्या काही गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आई, आज रात्री यांना उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला किंवा हाक मारून नीट जाग येईना, तर सकाळची वाट पाहू नकोस. १०८ ला फोन कर, मग दादाला, मग मला. बीपी मोजत बसू नकोस.

कूलरची टाकी भरायला वरच्या मजल्यावरच्या पोराला सांगितलंय. बाबा, त्याला परत पाठवू नका.

तुमची,
मनू